नदीला वळसा

लेक लांब दिली नाही याचा माझ्या आईला भारी अभिमान होता. कुणी विचारलं, "पोर कुठं दिलीसा?" की ती दारातूनच हात लांब करायची. "त्यो काय धूर दिसतोय न्हवं, त्येच घर." मधे नदी आहे हे ती कधी सांगायची नाही. विचारणाऱ्याला ती दिसत असायचीच.

मी आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. लिहायला-वाचायला मी पोरं झाल्यावर शिकले, लेकीनंच शिकवलं. ती शाळेत मास्तरीण झाली आणि छडीचा पहिला मान तिनं मला दिला. तीच परवा म्हणाली, "आई, तुझ्या नदीचं लिही की. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात ती नाही." खरंच नाही. इथं शहरात नदी म्हटलं की पंचगंगा. कसबा बावड्याकडच्या बायका तर असं बोलतात की जणू पंचगंगा त्यांच्याच परड्यात उगवली. पण पंचगंगेत कासारीचं पाणी आहे, आणि कासारीत आमच्या नदीचं. म्हणजे बावडेकरणी धुणं धुतात त्यात ओंजळभर पाणी माझ्या माहेरचं आहे, आणि त्याचं मला कुणी श्रेय देत नाही ते नाहीच.

आमच्या नदीला नाव नव्हतं. अगदी वर, डोंगराच्या माथ्यावर, धनगर तिला झरा म्हणत. त्याखालच्या वाडीत ती वहाळ झाली होती. आमच्या गावाशी येईपर्यंत तिनं चांगलं बाळसं धरलेलं असे, म्हणून आम्ही नदी म्हणायचो. उन्हाळ्यात ती इतकी बारीक व्हायची की म्हशी तिच्यात बसल्या की पुढच्या वाडीला पाणी कमी पडायचं. पावसाळ्यात मात्र तिच्याकडं बघायची सोय नसायची.

ती उगवते देवाच्या राईत. डोंगराचा माथा आमच्याकडं घराच्या आढ्यासारखा आहे. आढ्याच्या पलीकडं पडलेलं पाणी कोकणात जातं, अलीकडं पडलेलं आपल्याकडं येतं. त्या आढ्याच्या जरा खाली राई. अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि वेली अशा की मांडीएवढ्या जाड. तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही, असा दंडक. राईतल्या एका शिळेखालून पाणी पाझरतं, तीच आमची नदी. तिथं लहान पोरगंसुद्धा तिला एका ढांगेत ओलांडतं. राईतून बाहेर पडली की ती सड्यावर येते. सडा म्हणजे उघडा काळा-तांबडा कातळ, वर बोटभर माती. तिथून कड्यावरून खाली उडी घेते, एका अरुंद घळीत शिरते आणि ऐन-किंजळांच्या रानातून उगवतीकडं धावत सुटते. सगळी वाट ती उगवतीकडंच जाते. फक्त आमच्या गावाशी एक टेकडी तिला आडवी येते, म्हणून तेवढ्यापुरती ती उत्तरेला वळते आणि टेकडी संपली की पुन्हा आपल्या वाटेला लागते.

या एका वळणानं आमच्या गावाचे दोन तुकडे केले. नदीच्या मावळतीला अर्धी घरं, उगवतीला अर्धी. माझं माहेर मावळतीला, सासर उगवतीला. हे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या वळणानंच केला.

हे सगळं महाराजांच्या राज्यातलं. महाराज म्हणजे आमच्या रानात एकच. नाव घ्यायची गरज पडत नसे. रान सरकारी होतं, झाड तोडायचं तर परवानगी लागायची, आणि ते बरंच होतं, नाहीतर आमच्या लोकांनी राईसुद्धा चुलीत घातली असती. तर लाकूड मोलाचं. म्हणून नदीवरचा साकव आम्ही जपून वापरायचो. साकव म्हणजे लाकडाचा पूल. दोन्ही काठांच्या खडकांवर लांब ओंडके टाकायचे, वर बांबू, वर कारवीचा तट्टा, आणि सगळं वेलीनं आवळायचं. दसरा झाला की दोन्ही काठांचे गडी मिळून तो बांधायचे. आणि मृगाच्या आधी तो मोडायचे. पुरानं ओंडके नेले तर नवे कुठून आणायचे? म्हणून आपल्याच हातानं उतरवून, टेकडीच्या पोटाला बांधून ठेवायचे. परगावचा माणूस हे ऐकून हसायचा. पूल असतो पावसाळ्यासाठी, आणि हे लोक पावसाळ्यातच तो काढून ठेवतात! पण त्याला सांगून काय उपयोग, त्याला आमची नदी माहीत नव्हती.

महाराज एकदा शिकारीला आले तेव्हा साकवावरून चालत गेले म्हणतात. त्यांचा देह पैलवानाचा. म्हाताऱ्यांनी आदल्या दिवशी गुपचूप आणखी ओंडके खाली सरकवले होते. हत्ती मात्र पाण्यातून गेला. हत्तीला आमच्या साकवाची कल्पना आली असावी.

साकव मोडला की चार महिने दोन्ही काठ एकमेकांना फक्त बघायचे. उगवतीला कुणी वारलं तर मावळतीच्या लोकांना चितेचा धूर दिसायचा, खांदा द्यायला येता यायचं नाही. खाली, उसाच्या गावांकडं, लोक गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडतात. आमच्याकडं ऊस नाही, म्हणून काहील नाही, आणि असती तरी त्या खडकांवर तिची थाळी झाली असती.

मला दिवस गेले ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मामंजी लग्नाआधीच गेलेले, नवरा कोल्हापुरात महाराजांच्या पागेत, घोड्यांच्या तैनातीला. तो दिवाळीला यायचा, तेही घोड्याच्या वासासकट. माझे वडील मी लहान असताना वारले, त्यामुळे माहेरी आई आणि तिच्या म्हशी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. सातवा संपत आला आणि वैशाखात आई मला न्यायला आली. हिरवं लुगडं, खण, नारळ, सगळं घेऊन. सोप्यात बसली आणि सासूबाईंनी विषय काढायच्या आधीच म्हणाली, "न्हेते मग उद्या."

सासूबाई जात्याचा खुंटा ठोकत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शुक्र समोर हाय."

त्या वर्षी शुक्राची चांदणी संध्याकाळी मावळतीला दिसत होती. आणि रीत अशी की नवी नवरी आणि पोटुशी बाई यांना शुक्राच्या तोंडावर धाडायचं नाही. माझं माहेर मावळतीला. नदी वळली नसती तर माहेर-सासर उत्तर-दक्षिण झालं असतं आणि शुक्राचा काही संबंधच आला नसता.

"आवो, चाळीस पावलांची वाट," आई म्हणाली. "आन् एकाच गावात शुक्राचा दोष नसतोय, भटजीबी सांगत्यात."

"मदी नदी हाय न्हवं? नदी वलांडली की गाव बदलतंय."

"एकाच पाटलाचं गाव हाय की!"

"पाटील पाण्यात ऱ्हातोय व्हय?"

झालं. आई लाल होऊन परत गेली. मी आत चुलीपुढं बसून सासूबाईंना जे जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हा मला वाटायचं, ही बाई खाष्ट आहे, हिला माझ्या आईचं तोंड पाडण्यात सुख आहे. शुक्र मावळला, म्हणजे संध्याकाळचा दिसेनासाच झाला, की धाडते म्हणाल्या. म्हणून मग आम्ही दोघी रोज संध्याकाळी अंगणात उभ्या राहून शुक्र बघायचो. त्या, तो खाली गेला का म्हणून. मी, तो एकदाचा मरतोय का म्हणून.

शुक्र काही हलला नाही. पाऊस हलला. त्या वर्षी तो मृगाची वाट न बघता रोहिणीतच आला आणि असा लागला की दुपारी गड्यांनी धावत जाऊन साकव उतरवला. दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याएवढंच होतं. आई पलीकडच्या काठावर येऊन ओरडत होती, "आजूनबी हुतंय! धाडा तिला! मी निम्म्यापातूर येते!" सासूबाईंनी आभाळाकडं बोट दाखवलं. ढगांच्या फटीतून काल रात्री चांदणी दिसली होती, त्यांनी स्वतः बघितली होती. तिसऱ्या दिवशी पाणी छातीला लागलं. त्यानंतर ढग असे दाटले की शुक्र आहे की गेला, हे विचारायलाही आभाळ उरलं नाही.

आता सांगायचं तर हसू येतं. तेव्हा मी भिंतीला डोकं टेकून रडले होते. कारण आमच्या काठाची सुईण त्या हिवाळ्यात वारली होती. या काठाला दुसरी सुईण नव्हती. पोटावर हात फिरवून मूल कसं आहे हे सांगणारी, अडलेली बाई सोडवणारी अख्ख्या गावात आता एकच होती, आणि ती माझी आई, आणि ती नदीपलीकडं.

रोज सकाळी मी काठावरच्या जांभळीखाली जायची आणि ती पलीकडं इरलं डोक्यावर घेऊन उभी असायची. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नव्हती. ती नुसता हात वर करायची, मी हात वर करायची. कधी ती आपलं पोट दाबून विचारायची, कसं आहे? मी मान हलवायची. आईला आवाजाच्या टप्प्यात लेक दिल्याचा अभिमान होता. नदीनं तो आवाज तेवढा काढून घेतला. तरी त्या हातांच्या वर होण्यावर माझे किती दिवस निभावले! लांब दिलेल्या पोरींना तेवढंही मिळत नाही.

तरणा पाऊस सुरू झाला, म्हणजे पुनर्वसूचा, तसे माझे पाय सुजले. मग मला काठापर्यंत जाववेना. सासूबाईंनी पोटाला तेल लावलं, हात फिरवला आणि त्यांचा हात मधेच थांबला. पुन्हा फिरवला. मूल आडवं होतं. मला कळलं ते त्यांच्या तोंडावरून.

त्या सकाळी माझ्याऐवजी सासूबाई जांभळीखाली गेल्या. मी सोप्याच्या खांबाला धरून उभी होते, तिथून काठ दिसायचा. माझी सासू म्हणजे मोडेल पण वाकणार नाही अशी बाई. गावच्या पाटलाला तोंडावर उत्तर देणारी. तिनं इरलं बाजूला टाकलं, पावसात उभी राहिली आणि पलीकडं माझ्या आईला दोन्ही हात जोडले. जोडलेले हात डोक्यापर्यंत नेले आणि तसेच ठेवले.

आई थोडा वेळ उभी राहिली. मग वळली आणि घराकडं गेली. सासूबाई परत येऊन चुलीत फुंकर घालत बसल्या. मी विचारलं, "काय म्हनली?" त्या म्हणाल्या, "येतीया."

"कुठनं येतीया? उडून?"

"त्ये मला काय ठावं? येतीया. मी बघितलं तिच्याकडं."

आता आई कशी आली ते मी तिच्याच तोंडून पुढं कितीदा तरी ऐकलं. प्रत्येक वेळी वाटेत दिसलेलं अस्वल थोडं जवळ यायचं, एवढं सोडलं तर बाकी गोष्ट तीच. तिनं म्हशी शेजारणीच्या स्वाधीन केल्या, नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधल्या, एरंडेल तेलाची बुधली कमरेला खोचली आणि नदीला उलटी चालू लागली. तिचा हिशेब साधा होता. नदी इथं मोठी आहे, वर लहान आहे. जिथं ओलांडण्याएवढी लहान होईल तिथपर्यंत वर जायचं, आणि पलीकडच्या काठानं तेवढंच खाली उतरायचं. पावसाळ्यात त्या वाटेनं कुणी जात नसे. वाट नव्हतीच म्हणा. चिखलाची भाताची खाचरं, मग वरची वाडी, मग कारवीचं रान, पुरुषभर उंच, त्यात पुढचं पाऊल दिसत नाही. घळीच्या कडेनं ती वर चढली तेव्हा धबधब्याचं पाणी वाऱ्यानं उलटं वर येत होतं. सड्यावर पोचली तर धुकं, आणि निसरड्या कातळावरून पाणी कड्याकडं असं सुटलेलं की त्यात पाय टाकायची सोय नाही. त्या धुक्यात ती पाण्याच्या आवाजाचा माग काढत राईपर्यंत गेली.

राईत नदी एका ढांगेची, हे मी मघा सांगितलं. आई राईच्या सीमेवर उभी राहिली. समोर, चार झाडांपलीकडं, ते पाणी तिला दिसत होतं. पण मृगापासून नवा भात देवाला दाखवेपर्यंत राईत पाऊल टाकायचं नाही, अशी आमची रीत. तोवर देव निजलेला असतो. आईनं बाहेरूनच हात जोडले आणि ती आणखी वर निघाली.

मी तिला पुढं एकदा रागानं विचारलं, "एक ढांग! एक ढांग टाकायचीस की! माझा जीव गेला आसता तर?"

ती म्हणाली, "देवाची झोपमोड करून त्येच्याकडंच काय मागायचं गं?"

राईच्या वर, माथ्याच्या जवळ, धनगरवाड्यातली दोन-तीन खोपटं होती. तिथल्या एका धनगरणीनं तिला चुलीशी बसवली, दूध तापवून दिलं, पायाच्या जळवा चुलीतल्या राखेनं सोडवल्या आणि ती रात्र ठेवून घेतली. उजाडताच ती आईला घेऊन आढ्यावरून चालू लागली. एका हाताला कोकणाचा कडा, आणि धुक्यात कडा कुठं सुरू होतो ते दिसत नाही. धनगरणीनं आपल्या घोंगड्याचं एक टोक आईच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. काही वेळानं ती थांबली आणि म्हणाली, "हितनं खाली तुज्या लेकीचा काठ."

"आन् नदी?" आईनं विचारलं.

"नदी मागं ऱ्हायली की. आपुन तिच्या डोस्क्यावरनं आलो."

जिथं नदीच नाही तिथून माझ्या आईनं नदी ओलांडली. पायाखाली फक्त ओलं गवत होतं. त्या धनगरणीला मी कधी पाहिलं नाही. पण इतक्या वर्षांत चुलीवर दूध ठेवलं आणि तिची आठवण झाली नाही, असं क्वचित झालं असेल. तिचे उपकार मी फेडू शकले नाही, ते तसेच अंगावर राहू देत. असले उपकार अंगावर असलेले बरे असतात.

इकडं त्याच सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी मला बाजल्यावर निजवलं, पायांना शेक दिला आणि पाय चेपत बसल्या. मी कळेबरोबर त्यांना बोलत होते. म्हणाले, "तुमच्या शुक्रानं मारलं मला." कुठली सून असं बोलेल? पण मी बोलले. त्यांनी माझे पाय सोडले नाहीत.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "माझी थोरली लेक हुती."

मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"दिवस भरत आलते. माहेराला आलती बाळंतपणाला, पर तिला तितं सासरचं कार्य हुतं, सणाचं. मी म्हनलं जा, चार दिस जाऊन ये. शुक्र समोर हुता, शेजारीण सांगत हुती, मी ऐकलं न्हाई. माझ्याच हातानं धाडली." मग माझा पाय जरा जोरात दाबून म्हणाल्या, "मूल आडवं हुतं."

माझा सगळा राग त्या बाजल्यावरून खाली उतरला. इतके दिवस संध्याकाळी अंगणात आम्ही दोघी एकाच चांदणीकडं बघत होतो, आणि ही बाई काय बघत होती ते मला दिसलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. दोघीही रडलो, त्या मोठ्यानं, मी कळा येतील तशी.

आई आली ती दुपारच्या आधी. दारात उभी राहिली तर ओळखू येईना. लुगडं फाटलेलं, पिंढऱ्यांवरून रक्ताचे ओघळ, केसात कारवीची पानं. सासूबाई उठल्या, त्यांनी गरम पाणी आणलं आणि तिचे पाय धुतले. विहिणीचे पाय विहिणीनं धुवायचे, तेही वरमाईनं वधूमाईचे! लग्नात एवढ्यासाठीच मांडव मोडायची वेळ येते. आईनं पाय मागं घेतले, सासूबाईंनी पुढं ओढले. मग त्यांनी तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ तिच्यापुढं ठेवला.

आईनं तांब्याला हात लावला नाही.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. तोवर आई कधी आलीच तर सोप्यात टेकायची आणि मी काही पुढं केलं की म्हणायची, "आत्ताच खाऊन आलीया." आज ती काल संध्याकाळच्या दुधावर होती. आणि तरी म्हणाली, "आदी पोरीला सोडवू द्या."

"आवो, घोटभर तरी घ्या."

"न्हाई इहीनबाई. रीत हाय."

सासूबाई आत गेल्या, चुलीवरची भाकरी काढून ठेवली आणि परत आल्या. "मग मीबी न्हाई," म्हणाल्या.

आईनं हात चुलीतल्या आरावर ऊन केले, एरंडेल लावलं आणि माझ्या पोटावर ठेवले. ती दाबत नव्हती, ढकलत नव्हती. कळ ओसरली की हात सरकवायची, कळ आली की तसेच धरून ठेवायची. आणि सगळा वेळ मुलाशी बोलत होती, माझ्याशी नाही. "चल गं माझ्या बाई, फिर. वाट खाली हाय. मी येवडी फिरून आले, तुला येवडंसं फिराया काय हुतंय?" सासूबाईंनी माझे खांदे मागून धरले होते. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि त्या सारखं काहीतरी पुटपुटत होत्या. आधी मला वाटलं देवाचं नाव. मग ऐकलं तर ते माणसाचं नाव होतं, बाईचं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदा आईचा हात सरकला आणि पोटात काहीतरी असं वळलं की मी किंचाळले. आई म्हणाली, "फिरलं." सासूबाईंनी माझे खांदे इतके आवळले की त्याचे वळ पुढं आठवडाभर होते. त्यानंतरचं सगळं भराभर झालं. दिवस अजून कलला नव्हता, पागोळ्या गळत होत्या, आणि घरात एक नवा आवाज होता. चांगला मोठा, आमच्या काठाला शोभणारा.

मुलगी झाली.

नाळ कापली, मूल पुसलं, मला आवरलं. सासूबाईंनी मूल छातीशी धरलं होतं आणि त्या ते कुणाला देईनात. मग एकदम त्यांना आठवलं. मूल माझ्या कुशीत ठेवून त्या तांब्या घेऊन आल्या आणि आईपुढं धरला.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते. तिनं तांब्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "पोरगी झालीया," ती हळूच म्हणाली.

मला कळलं ती काय म्हणते. आमच्या भावकीतल्या जुन्या बायका सांगायच्या, नातवाचं तोंड बघितलं तरच लेकीच्या घरचं पाणी चालतं. नात झाली तर अजून थांबायचं. एवढ्या वाटा तुडवून आलेली माझी आई, माझ्या सासूच्या दारात उपाशी बसून, अजून एका बाळंतपणाची वाट बघायला तयार होती.

सासूबाईंचा आवाज असा चढला की मूल दचकलं. "मग? पोरगी म्हंजे लेकरू न्हवं व्हय? माझीबी पोरगीच हुती!"

आणि त्यांनी खाली बसून, एका हातानं आईची हनुवटी धरून, तांब्या तिच्या ओठाला लावला. लहान पोराला पाजतात तसा. आई प्याली. पाणी तिच्या गळ्यावरून छातीवर सांडत होतं, आणि ती पीत होती, आणि मधेच हुंदका आला तर थांबून पुन्हा पीत होती. सासूबाई तांब्या सोडत नव्हत्या.

मग त्यांनी ताट वाढलं, एकच, आणि दोघी त्यात जेवल्या. आईनं भाकरी मोडून आधी सासूबाईंपुढं ठेवली, सासूबाईंनी ती परत आईपुढं सारली. बराच वेळ त्यांचं तसंच चाललं होतं. बाळंतिणीला पेज द्यायची असते हे दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही. मी कुशीतल्या लेकीला घेऊन पडल्या पडल्या त्या दोघींकडं बघत होते, आणि खरं सांगते, मला भूक नव्हतीच.